पेरूच्या पिशव्या

ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, शिंपी आहेत. हातात कला, पण वेळेच्या नावाने बोंब. गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणायचे आणि तो परवा पंधरा दिवस चालायचा. माझ्या लग्नातला ब्लाउज त्यांनी लग्नानंतर चौथ्या दिवशी दिला. शिवण मात्र अशी की अजून उसवलेली नाही, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

मागच्या दाराशी ताईने पेरू लावला होता. त्याला दरवर्षी फळमाशी लागायची. ही माशी सालीला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून आत अंडी घालते. वरून पेरू ठणठणीत, कापला की आत अळ्या. मग दाजी चडफडत बाजारातून पेरू आणायचे.

त्या वर्षी ताईने अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. फार तर दोन महिने, असं डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं. आणि ताईने मागितलं काय, तर आपल्या झाडाचा एक चांगला पेरू.

रोपवाटिकेतल्या माणसाने उपाय सांगितला. फळं लिंबाएवढी असतानाच एकेकाला पिशवी बांधा, कागदाची चालेल. दाजी कागद कसला बांधतायत! त्यांनी पातळ मलमल आणली, कडा दुमडून दुहेरी टीप घातली, वर नाडी ओवली.

"दाजी, पेरू काय लग्नाला निघालेत?" मी म्हटलं. "कागद गुंडाळा आणि मोकळे व्हा."

"तिच्यासाठी आहे. कसंतरी केलेलं नको," मान वर न करता ते म्हणाले.

बेचाळीस पिशव्यांना अठरा दिवस लागले. तोवर फळं पिवळट व्हायला लागली होती. तरी त्यांनी एकेकाला पिशवी बांधली आणि पिकल्यावर पेरू उतरवले.

ताईच्या पलंगाशी बसून त्यांनी पहिला पेरू कापला. अळ्या. दुसरा कापला, तिसरा कापला. माशी आधीच येऊन गेली होती. बेचाळीसच्या बेचाळीस किडलेले निघाले. मला त्या दुहेरी टिपेचा असा संताप आला की चांगलं सुनावायला मी तोंड उघडलं. मग ते एकेक रिकामी पिशवी घडी घालून ठेवताना दिसले आणि मी किडक्या फोडी गोळा करायला लागले.

"ते झाडाखाली टाकू नका हं," ताई म्हणाली. "हातभर खोल पुरा. अळ्या मातीत राहिल्या तर पुढच्या वर्षी परत माशी."

"पुढच्या वर्षी," दाजी म्हणाले.

"मग? तुम्हाला खायला नकोत का?"

त्यांनी खड्डा खणला. तीन आठवड्यांनी ताई गेली.

यंदा फळं लिंबाएवढी होताच त्यांनी त्याच पिशव्या एका सकाळी बांधून टाकल्या. काल पेरू उतरवले. एकही किडका नाही. दाजींनी एक कापला आणि फोड हातात धरून बसून राहिले.

"एका सकाळचं काम होतं गं हे," ते म्हणाले आणि रडायला लागले.

तसं नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. मी नुसती शेजारी बसले.