चौकशीले आलेला पाहुणा

या, बसा. चहा होऊन राह्यला, तोवर मी कशी माती खाल्ली ते सांगतो. तसं घरात मी हा विषय कोणाले काढू देत नाही, पण तुमी आपले आहात.

माझा पुतण्या प्रवीण कॅनडाले आहे. शिकाले गेला, नोकरीले लागला, अन् तिथंच कायम राहाची परवानगी मिळावी म्हणून अर्ज केला. बापा, त्या लोकाइले कागद तरी किती लागतात! शाळेचे, नोकरीचे, दवाखान्याचे, बोटाचे ठसे वेगळेच. सगळं गेलं, एकच राह्यलं. पोट्टा खरंच याच गावचा आहे अन् त्याच्यावर कोणता गुन्हा नाही, असा इकडच्या पोलिसाचा दाखला. त्याच्या व्हिसाची मुदत सरत आली होती. दाखला वेळेत नाही गेला तर सगळी मेहनत पाण्यात, अन् पोट्टा बिस्तरा गुंडाळून वापस आपल्या वाशीमकडच्या मालेगावच्या स्टँडवर.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे प्रवीणचा बाप, त्या दिवशी बायकोले घेऊन वाशीमच्या दवाखान्यात गेला होता. जाताना म्हणे, दादा, पोलीस येतीन, जरा कमी बोलजो. मी म्हटलं, मी कायले बोलतो?

आता पोलीस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येते? खाकी, जीप, हातात दांडा. अन् आला कोण? फटफटीवर एकटा माणूस. चौकड्याचा शर्ट, पायात चप्पल, केस चापूनचोपून बसवलेले. जय भीम घातला. मी बी घातला. प्रवीणचं घर हेच का, तुमी त्याचे कोण, असं लय गोड आवाजात इचारलं. मंग म्हणे, पोराबद्दल जरा माहिती पाहिजे होती.

तुमीच सांगा, असा अनोळखी माणूस पोराबद्दल इचारत घरी आला तर आपल्याले काय वाटते? पोरीवाला! अन् रीत तर तुमाले माहीत आहे. पोरीवाले पहिले एक माणूस गुपचूप धाडतात. तो कायले आला ते सांगत नाही, अन् आपण बी इचाराचं नाही. समजून न समजल्यासारखं कराचं, चहा पाजाचा अन् पोट्ट्याचा भाव वाढवाचा.

मी चहा ठेवाले सांगतला अन् खाटेवर ऐसपैस बसलो.

त्यानं इचारलं, "तो इथंच राहत होता ना?"

मी वर पाहिलं. टिनाचं घर. टिनाच्या घरात कोण पोरगी देईन? म्हटलं, "छे हो, इथं आमी फक्त वावर पाहाले येतो. आमचा वाशीमले बंगला आहे. अकोल्याले फ्लॅट." आता बंगला तर सोडाच, वाशीमात आमाले कोणी उभं राहू देत नाही. पण त्यानं ते लिहून घेतलं. मले वाटलं, पाहुणा मोठा बारीक आहे, पक्की चौकशी करून राह्यला.

मंग म्हणे, फोटोत तर पोरगा साधा दिसते.

साधा? आमच्या पोट्ट्याले बावळट म्हणते का हा? मले काही ते सहन झालं नाही. म्हटलं, कॉलेजात असताना एकट्यानं तिघांले लोळवलं होतं त्यानं. खरं इचारसान तर प्रवीण कोंबडीले बी भेते.

"मंग केस झाली असन?"

"केस कोण करते? ठाणेदार आपल्या खिशात आहे."

त्याचा पेन थांबला. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मले वाटलं, झाला माणूस गार! आता एकच राह्यलं होतं. पोरीच्या मायले लेक सातासमुद्रापार धाडाची धास्ती असतेच. ते बी मीच मिटवून टाकलं. म्हटलं, तिकडं कायम राहाचं ते नुसतं नाटक आहे, पैसे कमावले की पोट्टा वापस.

चहा संपवून तो उठला. मी हसत हसत म्हटलं, "आता लाजू नका. पोरगी काय शिकली ते तरी सांगा."

"कोणाची पोरगी?"

"तुमची."

"मले पोरगी नाही काका. मी ठाण्यातून आलो, दाखल्याच्या चौकशीले."

काय सांगू, मी खाटेवरून उडीच मारली. हात जोडले. म्हटलं साहेब, बंगला नाही, फ्लॅट नाही, मारामारी नाही, मी सगळं फेकलं. तो म्हणे, आता यातलं खरं कोणतं धरू? अन् फटफटीले किक मारून चालला गेला.

संध्याकाळी भाऊ आला. त्याले सांगतलं तर नुसता भिंतीकडं तोंड करून बसला. बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्याच्या बायकोनं वाढलेलं ताट मी तसंच सरकवून ठेवलं. पोट्ट्याची सारी जिंदगी मी एका कप चहात बुडवली होती.

सकाळीच दोघं ठाण्यात गेलो. तोच माणूस, आता खाकीत. मी पाय धराले वाकलो तर म्हणे, काका बसा, तुमच्या पुतण्याचा अहवाल चांगलाच गेला.

"तो कसा काय?"

"तुमच्याकडून निघालो अन् गावात इचारलं. पोट्टा कसा, तर म्हणे सोन्यासारखा. मंग तुमी जे बोलले ते सांगतलं. सगळे हसले. म्हणे त्या माणसाच्या एका शब्दावर इस्वास ठेवू नका."

धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, ज्याच्यासंगं आमचं कोर्टात चालू आहे, तो गणपत बी म्हणे तसंच बोलला. हवालदार म्हणे, एवढं एकमत मी या गावात कशावरच पाहिलं नाही.

भाऊ हसत होता. मी बी हसलो, काय करता!

दाखला वेळेत गेला, प्रवीणले परवानगी भेटली. त्यानं फोन करून सगळ्यात पहिले माझे आभार मानले, बापाचे नंतर. अन् हे सगळं खरं आहे बरं. पटत नसन तर आमच्या गावात कोणालेबी इचारा.