अडीच फुटांपर्यंतची भिंत

रंगाच्या दुकानात येऊन जमिनीवर बसणारं गिऱ्हाईक तुम्ही पाहिलंय? मी एकच पाहिलं. आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या बाई. डबा उघडला की त्या लादीवर मांडी घालत, रंगाचं झाकण भिंतीला धरत आणि खालून बघत. "शेठ, बसून बघा की. उभ्यानं रंग कळत न्हाई."

मी हातगाडीवर चुना विकून राहात्याजवळ दुकान उभं केलं. घासाघीस करण्यात मला कुणी हरवलेलं नाही. पण बाई भावाचं बोलतच नसत. एकच विचारत, "कुनाच्या बंगल्याचा रंग चुकला?" मशीनवर मिसळलेला रंग गिऱ्हाइकाला पसंत पडला नाही, की तो डबा माझ्याच उरावर पडतो. बाईंना नेमका तोच हवा असे. वर माझाच ब्रश मागून नेत.

बाकीचं सामानही असंच. बियाण्यांच्या रिकाम्या पाकिटांवरची वांगी-टोमॅटो कापून त्यांनी भिंतीवर भाजीबाजार मांडला. पशुखाद्याच्या गोणीवरची गाय चिकटवली. शिंप्याच्या चिंध्यांचा मोर केला. सगळं अडीच फुटांच्या आत. वर भिंत कोरी. बाई बुडावर सरकत, पोरांएवढ्या होऊन सगळी खोली तपासत.

त्या वर्षी मात्र त्यांची झोप उडाली. चौकात खासगी नर्सरी निघाली. तिथे छतापर्यंत कार्टून. पोरं तिकडे गेली आणि बाईंकडे मजुरांची अकरा उरली. मग कळलं, तालुक्याचे साहेब पाहणीला येणार. अंगणवाडी चालण्यासारखी दिसली नाही, तर ती बंद करून पोरं नगर-मनमाड रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत घालणार. तो रस्ता ओलांडताना मोठी माणसंही दोनदा मागे येतात.

"तीन-चार वर्सांची लेकरं, शेठ. आया पहाटंच कामाला. कोन वलांडून नेनार?" ब्रश धुताना त्यांचा हात थांबत नव्हता; स्वच्छ झालेला ब्रश त्या धूतच होत्या.

मी म्हणालो, "साहेब उभ्यानं बघणार. वरची भिंत भरा. मी फ्लेक्स फुकट देतो." फुकट हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. फ्लेक्सवर वाघ, हत्ती, फळं आणि कोपऱ्यात दुकानाच्या नावासकट माझा फोटो.

बाईंनी तो नीट पाहिला. "वाघ चांगला हाय. पन तुमच्या फोटोला बारकी भितील, शेठ."

"मग साहेबांना काय दाखवणार?" मी ओरडलो.

"त्यास्नी खाली बसवनार."

मी फ्लेक्स गुंडाळून घरी आणला. तो राग अजून आहे.

पाहणीच्या दिवशी मी दारात उभा होतो. बाईंनी सतरंजी अंथरली होती. "साहेब, जरा बसून बघा." साहेबांच्या गुडघ्याला पट्टा. "इथूनच दिसतंय," ते म्हणाले. खाली एक पोरगी गोणीवरच्या गाईला गवत भरवत होती. साहेबांनी वरच्या कोऱ्या भिंती पाहिल्या आणि लिहायला लागले. बाई त्यांच्या पेनाकडे बघत राहिल्या. एरवी कुणाचंही ऐकून न घेणारा मी, पण फ्लेक्सचा राग धरून गप्प बसलो.

महिन्याभरात कुलूप लागलं. पलीकडच्या अंगणवाडीत आधीच सेविका होती, म्हणून बाई देवळाली प्रवराला लेकीकडे गेल्या. मला न भेटता गेल्या. तो राग वेगळा.

मग एक दिवस फोन आला. "शेठ, लेकरं पलीकडं जात्यात का?"

"चार जातात. बाकीची घरीच."

"चौघांना वलांडून कोन नेतं?"

कधी कुणाची आजी, कधी कुणीच नाही. हे त्यांना कसं सांगायचं? माझा आवाज चढला. "मी नेतो! झालं समाधान?"

बाई म्हणाल्या, "बरं झालं. मंग बाकीच्या आयांनाबी फोन करते, शेठ हायेत म्हनून." आणि फोन ठेवला.

आता रोज साडेनऊला, ऐन गिऱ्हाइकीत, मी दुकान सोडून उठतो. अकराजणांच्या हातात एक दोर देतो आणि कडेला उभा राहतो. ट्रक थांबत नाहीत. मी शिव्या देतो. इतका तोट्याचा सौदा आजवर कुणी माझ्या गळ्यात मारला नव्हता. पलीकडे पोचलो की मोजायला लागतो. अकरा भरेपर्यंत कुणाला दोर सोडू देत नाही.