पूजेला बसलेली लिफ्ट

देवासच्या वीज कंपनीच्या मुख्यालयाची इमारत फारशी कुणाला आवडत नाही. नऊ मजले नुसतं उघडं काँक्रीट, रंग नाही की नक्षी नाही; वारा यावा म्हणून जिन्याला तेवढी सिमेंटची जाळी. उदाजीरावांना मात्र ती सुरेख वाटे, कारण तिथली लिफ्ट तेच चालवत. दोन लिफ्टपैकी एक कायमची आजारी, म्हणून सगळा भार त्यांच्यावर. त्यांचे पूर्वज दरबारात मानकरी होते. दरबार गेला, पण घराण्याची रीत काही गेली नाही. कुणी आत शिरलं की उदाजीराव स्टुलावरून उठत आणि मजला आला की भालदारासारखे पुकारत, "तिसरा मजला, हिशेब विभाग."

घरची तलवार वाटणीत थोरल्या भावाकडे धारला गेली. मग खंडेनवमीला पूजा कशाची करायची? ज्यावर पोट चालतं त्याची. म्हणून उदाजीराव दर नवमीला लिफ्टच पूजेला बसवत. दाराला झेंडूचं तोरण, कुंकवाचं स्वस्तिक, पुढ्यात नारळ. आणि पूजेतलं शस्त्र दसरा होईतो हलवायचं नाही, हा नेम. जुने साहेब त्या दिवशी रजेवरच असत, त्यामुळे कधी बोभाटा झाला नाही.

यंदा साहेब बदलले. नव्या साहेब स्वानंदी मॅडम यायच्या आधीच त्यांच्या बेताची बातमी आली: बटणांची लिफ्ट बसणार आणि चालकाला टोंकखुर्दच्या गोदामात धाडणार. निवृत्ती तोंडावर आलेली आणि आता रोज बसचे धक्के! उदाजीरावांची झोपच उडाली.

"भिया, या साली राहू द्या ना पूजा," पहारेकरी धीरज म्हणाला. "मॅडम नई आहे."

"देवाला सांगू का, की साहेब नवीन आहे?" म्हणत उदाजीरावांनी तोरण बांधलं.

मॅडम नेमक्या त्याच दिवशी लवकर आल्या आणि तोरणापाशी थबकल्या.

"लिफ्ट बंद आहे?"

"बंद नाही जी. पूजेला बसलीये. परवा उठेल."

धीरजनं डोळे मिटून घेतले. मॅडम जिन्याकडे वळल्या. पाहुण्याला एकटं सोडणं रीतीत बसेना, म्हणून उदाजीरावही निघाले. त्या दमल्या तर असावं म्हणून स्टूल काखेत मारून. सारा जन्म वर-खाली करण्यात गेला, पण पायांना त्याची खबरच नाही, हे त्यांना दुसऱ्या मजल्यावर कळलं. तरी पुकारणं सुटेना. "तिसरा... हिशेब... विभाग." पाचव्यावर आवाजच फुटेना.

मॅडमनी त्यांच्या काखेतलं स्टूल काढून घेतलं आणि त्यांनाच त्यावर बसवलं. जाळीतून समोर माताजीची टेकरी दिसत होती, नवरात्राच्या गर्दीनं फुललेली.

"मी धारची," मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे पण नवमीला सब कुछ पूजेत जायचं. मी गणिताचं पुस्तक सगळ्यात पहले ठेवायची. मग अभ्यास कर म्हणायची कोणाची हिंमत नाही. किती साल झाले, मी भूलूनच गेले होते."

त्या हसताहेत हे पाहून उदाजीरावांनी धीर केला. "मग मॅडम, माझं टोंकखुर्द?"

"बटणांची लिफ्ट तर येणारच, काका. ते मी नाही थांबवणार," एवढंच बोलून त्या उरलेले मजले चढून गेल्या. उदाजीराव तिथंच बसून राहिले. त्यांना फार वाईट वाटलं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी जड हातानं तोरण उतरवलं, तोच मॅडम आल्या. त्यांनी आपट्याचं पान उदाजीरावांच्या हातावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला.

"सोनं घ्या, काका. बटणांची लिफ्ट त्या बंदवाल्या जागी बसेल. ही तुमच्याकडेच, तुम्ही रिटायर होईपर्यंत."

उदाजीरावांचे डोळे भरून आले. तरी नेम तो नेम. "मग पुढच्या नवमीला ती पण पूजेला बसेल हां, मॅडम," ते म्हणाले.

तशी ती बसली. दोन्ही लिफ्ट तोरण लेवून उभ्या, आणि सगळं मुख्यालय कुरकुरत, हसत जिना चढत होतं. पाचव्या मजल्यावर जाळीपाशी एक नवं कोरं स्टूल ठेवलेलं होतं आणि शेजारी मॅडम उभ्या होत्या. उदाजीराव धापा टाकत पोचले तशा त्या ताठ झाल्या आणि त्यांनी खड्या आवाजात पुकारलं, "पाचवा मजला, उदाजीरावांची बैठक."