आत्याची तीन पिंपं

माझी आत्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायची. बत्तीस वर्षं. "शिक्षण सातवी, पण जीभ पंधरावी पास," असं माझे वडील म्हणायचे. कारखान्यातही लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत.

एकदा दुपारच्या सुट्टीत भुईमुगाच्या शेंगा खाऊन तिनं टरफलं निळ्या पाण्याच्या बादलीत टाकली आणि विसरली. दुसऱ्या दिवशी बघते तर पाणी फिकट, टरफलं निळीशार. बादली उचलून ती थेट केमिस्टसाहेबांपुढे उभी राहिली.

"टरफलं रंग ओढून घेतात, आत्या," साहेब हसले. "जगाला ठाऊक आहे हे."

"जगाला ठाऊक आहे, मग आपल्या नाल्याला का नाही?"

साहेबांचं हसू मावळलं. कारखान्यामागचा नाला आठवड्यातले चार दिवस निळा वाहायचा.

त्यांनी तिला गोदामामागे जागा आणि तीन जुनी पिंपं मिळवून दिली. तेलाच्या घाण्यावरून टरफलांची पोती आली. आत्यानं ती भरड कुटली, पिंपांत ठासून भरली आणि वरून निळं पाणी सोडलं. खालून निघाला चहा! म्हणजे रंग हुबेहूब तसा. मॅनेजरनी कपाळाला हात लावला. "निळं घालवून तांबडं आणलंत?"

त्या दिवशी आत्या घरी आली ती तोंड पाडूनच. ताटावर बसेना. आई म्हणाली, "वन्सं, नवं रंगीत कापड पहिल्या धुण्यात रंग सोडतंच की. टरफलं आधी धुऊन घेतलीत का?"

आत्या आईकडे बघतच राहिली. मग दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढचा आठवडाभर तिनं टरफलं गरम पाण्यात धू धू धुतली, गच्चीवर वाळवली, पुन्हा पिंपं भरली. या खेपेला तिसऱ्या पिंपातून पाणी आलं ते पाण्यासारखं. साहेबांनी चारदा मोजलं. निळा रंग जवळजवळ सगळा गेला होता. लाल मात्र हट्टी निघाला, टरफलांना दाद देईना. त्यासाठी साहेबांना वेगळा उपाय शोधावा लागला.

माळीकाका वापरलेली टरफलं खत म्हणून मागायला आले, तर आत्या कडाडली, "नाल्याचं दुखणं झाडांच्या गळ्यात बांधता?" ती टरफलं कुठे आणि कशी जाळायची, हे साहेबांनी ठरवेपर्यंत तिनं पोती कुलपात ठेवली.

वर्षभरात पिंपांच्या जागी मोठ्या टाक्या आल्या. साहेबांनी अहवाल लिहिला, त्यात आत्याचं नाव घातलं आणि पुढे हुद्दा लिहिला, सहसंशोधक. वाचून दाखवल्यावर आत्याचे डोळे भरून आले, पण ती आत्याच.

"आधी बाटल्या धुणारी लिहा," ती म्हणाली. "बाटली घाण राहिली असती, तर तुमचा एकतरी आकडा बरोबर आला असता का?"

साहेबांनी पेन उघडलं आणि निमूटपणे तसं लिहिलं.