चिंगीचं पोट

आम्ही जनावरांचे डॉक्टर चहाला जमलो की किस्से निघतातच. म्हशींचे, बैलांचे, कुणाच्या चावऱ्या कुत्र्याचे. माझ्याकडे मात्र एका तट्टाचेच इतके साठलेत की बाकीचे म्हणतात, "एरंडोलवाल्या मॅडम, ती चिंगी नको! आम्हाला एकट्यानं घरी जायचंय!"

चिंगी गिरजाअक्कांची. पद्मालयच्या गणपतीला आलेल्या पोरांना अक्का तिच्यावर बसवून चक्कर मारून आणायच्या. लहानपणी जंतांनी तिच्या आतड्याची पार वाट लावली होती. औषधानं जंत गेले, व्रण राहिले. चारा जरा बदलला की पोटशूळ!

"अक्का, कोरडा कडबा बंद. भिजवलेला कोंडा, ओला चारा, थोडाथोडा, दिवसभर."

"बठ्ठं करसू, डॉक्टरताई. पन तिले वाचाडा!"

*

एकदा भर दुपारी अक्कांचा फोन. "ताई, चिंगीनं पोट!"

"दुखतंय?"

"नही. दुखी!"

दुखणार म्हणे! उन्हात तापत पोहोचले, तर चिंगी मजेत चरतेय, शेपटीनं माश्या हाकलतेय. मी चिडले. "अक्का, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही!"

स्कूटरला किक मारली आणि मागे धप्प! चिंगी जमिनीवर लोळत होती.

*

त्याच दुपारची गोष्ट. इंजेक्शन दिल्यावर माझा कंपाउंडर साहेबराव तिला अंगणात चालवत होता. एका जागी आली की दर फेरीला ती वळसा घ्यायची. तिथं दगड नाही, खड्डा नाही, लख्ख ऊन.

"आठे काय शे?" म्हणत त्यानं दोर माझ्या हातात दिला आणि स्वतःच त्या जागेशेजारी जाऊन उभा राहिला.

चिंगी आली. थांबली. मग वळसा घातला, दोन माणसांना पुरेल एवढा!

तेव्हापासून साहेबराव अक्कांना औषधं फाटकाबाहेरूनच देतो.

*

गेल्या उन्हाळ्यात अक्का पिंपळनेरला लेकीकडे गेल्या. चिंगी शेजाऱ्यांवर सोपवलेली. त्यांनी चुकून कोरडा कडबा टाकला. सकाळी मी पोहोचले तेव्हा ती घामानं निथळत होती. पोटाला स्टेथोस्कोप लावला. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. हे गप्प होतं.

इंजेक्शन झालं, नाकातल्या नळीतून तेल सोडलं, सलाइन लावलं. पुन्हा ऐकलं. गप्प.

साहेबराव फाटकातून ओरडला, "अक्काले सांगू?"

"नको. इतक्या लांबून काय करतील? कुणीच कळवायचं नाही!"

दुपार कलली. चिंगीनं मान टाकली. तिला या त्रासातून सोडवावं, असं मनात यायला लागलं. सुई भरण्याआधी एकदा ऐकावं म्हणून कान दिला, आणि आतून गुर्रर्र! रिकाम्या हंड्यात पाणी पडावं तसं. जरा वेळानं ती उठून उभी राहिली.

तेव्हा कुठे पिंपळनेरला फोन लावला. लेकीनं उचलला, घाबरलेली.

"मॅडम, तिकडे काही झालंय का? आई सकाळपासून भिंतीला कान लावून बसली होती. जेवली नाही, बोलली नाही. आम्ही बोललो की ओठांवर बोट!"

"आणि आता?"

"आत्ताच उठली. हसली. म्हणते, 'गुरगुरनं! चहा ठेव!'"