दुसऱ्यांदा वाजवलेला ठेका

माझ्या सारावाकच्या कॅसेटविषयी या परदेशी शहरातल्या मराठी मंडळींत ज्या कथा फिरतात, त्यांतली एकही खरी नाही. गणेशोत्सवात एका बँकेतल्या गृहस्थांनी माईकवरून जाहीर केलं, की ती मी मुंडकी छाटणाऱ्या लोकांच्या तावडीतून सोडवून आणली. मी मागच्या रांगेतून उठून त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. मी ज्यांच्याकडे राहिलो ते तिथल्या दायाक आदिवासींपैकी इबान लोक. ते मिरीची शेती करत होते, आणि या वक्त्यांपेक्षा अधिक अदबीने वागत होते. माझा मुलगा म्हणतो, ते त्यांचं लोकगीत आहे. तेही चूक. त्यात गीत नाही. ढोल आणि काशाच्या मोठ्या घंटा आहेत, आणि तो ठेका मौजेखातर वाजवायचा नसतो. सणात देवांना पाहुणे म्हणून बोलावण्यासाठी तो वाजतो. आधी भात, अंडी, लाह्या आणि तांदळाची दारू यांचं ताट मांडायचं, कोंबडा ओवाळायचा, मगच ढोलाला हात लावायचा. आपल्याकडे आवाहनानंतर नैवेद्य येतो. त्यांच्याकडे ताट आधी तयार लागतं. एवढाच फरक.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी लाकूड वाहणाऱ्या एका जहाज कंपनीत होतो. सारावाकच्या जंगलात ओंडके मोजायला नदीवरून जात असताना आमची नाव बिघडली आणि मी त्यांच्या लांबघरात चार दिवस अडकलो. लांबघर म्हणजे खांबांवर उभं असलेलं एकच लांबलचक घर: एका बाजूला कुटुंबांच्या दारांची रांग, आणि दारांपुढे सगळ्यांची मिळून एक ओसरी. तिथल्या मुख्य वादकाने एका दुपारी मला तो ठेका ऐकवला. मी मिरजेला चार वर्षं पखवाज शिकलेला माणूस. समोर काय वाजतं आहे ते मला पहिल्या आवर्तनात कळलं. माझ्याजवळ टेपरेकॉर्डर होता. त्या वादकाने आपखुशीने, कलावंताने कलावंतासाठी वाजवावं तसं वाजवलं, आणि मी ते टिपलं. ही माझी हकीकत. ती मी आजवर कुणालाही बदलू दिली नाही.

यंदा गुडघ्यासाठी मला नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात व्यायामाला जावं लागलं. तिथली फिजिओथेरपिस्ट सारावाकची निघाली. माझा पाय वाकवता वाकवता तिने विचारलं, "कुठली नदी, अंकल?" मी सांगितली. "कुठलं लांबघर?" तेही सांगितलं. तिचा हात थांबला. तो वादक तिचा आजा होता.

"घरी म्हणतात," ती म्हणाली, "एका परक्या माणसाने आजोबांना ताट न मांडता वाजवायला लावलं. त्यानंतर ते ढोलापाशी बसलेच नाहीत. त्यांच्या हातचा तो ठेका आता आमच्याकडे कुणालाही येत नाही."

मी टेबलावर उठून बसलो. "साफ खोटं! ताट मांडलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"मग कॅसेट द्या ना, अंकल. यंदा जूनच्या सणात तो वाजवायचा आहे. मुलांना शिकवायला दुसरं काहीच नाही."

मी अट घातली: आधी तुझ्या घरच्यांनी मान्य करावं, की तो स्वखुशीने वाजवत होता. ती म्हणाली, "आधी ऐकू या."

रविवारी दुपारी ती चोआ चू कांगला आमच्या फ्लॅटवर आली. बायकोने चहा ठेवला आणि तिला म्हणाली, "यांच्याशी वाद घालू नकोस गं. जन्म जातो." मी कॅसेट पुढे पळवू लागलो, कारण तिच्यावर तो ठेका दोनदा आहे. पहिल्या वेळी नदीवरून एक मोटरबोट गेली आणि तिचा खडखडाट मधोमध घुसला. दुसरा ठेका निर्मळ आहे. चाळीस वर्षं मी तेवढाच ऐकत आणि ऐकवत आलो. ती म्हणाली, "सुरुवातीपासून लावा."

पहिला ठेका झाला, बोटीसकट. मग खट्ट असा आवाज आला आणि दोन माणसं बोलू लागली. एक मी होतो. माझी मोडकीतोडकी मलाय, आणि तीत एकच मागणी: आणखी एकदा. तिच्या आजाचं उत्तर इबान भाषेत होतं. तो साथीदारांना मात्रा समजावतो आहे, असा माझा समज होता.

"काय म्हणतात ते?" मी विचारलं.

ती जमिनीकडे पाहत होती. "म्हणतात, पाहुणे येऊन बसलेत. त्यांना पुन्हा कशी हाक मारू? ताट संपलं."

टेपवर माझा आवाज पुन्हा आला, जरा चढलेला: आणखी एकदा, बोट मध्ये आली होती. मग बराच वेळ काही नाही. मग ढोल.

मला तालीम ठाऊक होती. बिघडलं तर पुन्हा समेपासून, हे मला गुरूंनी शिकवलं होतं, आणि समोरच्याचा नकार मला कलावंताचे आढेवेढे वाटला होता. हे सारं मी तिला सांगितलं. त्याचबरोबर, म्हातारपणी हात दुखत असतील म्हणून तो बसला नसेल, असंही म्हणालो.

"हात दुखत नव्हते, अंकल. नंतर वीस वर्षं त्यांनी होड्या बांधल्या."

बायको उठून आत गेली.

तिने फोनवर पहिला ठेका उतरवून घेतला आणि थांबली. मी म्हणालो, "दुसराही घे. मुलांना स्वच्छ ऐकू येईल. पहिल्यात बोट आहे."

"असू दे. तेव्हा बोट गेलीच होती ना."

"पण वादन दुसऱ्यातलं सरस आहे. मला कळतं त्यातलं."

"कळत असेल. तो आम्हाला नको."

दाराशी मी तिला विचारलं, घरी काय सांगणार. "जे ऐकलं ते," ती म्हणाली. "तुम्ही दोनदा मागितलं. नाही म्हटल्यावरही."

दुसरा ठेका माझ्यापाशी राहिला आहे. मुलगा तो इंटरनेटवर घालू म्हणतो. मी त्याला कॅसेटला हात लावू दिलेला नाही. पुसायला माझा हात होत नाही. इतका घट्ट, इतका भरीव हात मी पुन्हा कुठे ऐकला नाही. पण ऐकायला बसावं तर ढोल सुरू होण्याआधीची ती शांतता मला आता सोसत नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या हकीकती दुरुस्त केल्या. तिच्या हकीकतीत काय चुकलं आहे, ते मी कित्येक दिवस शोधत होतो. एकच चूक सापडली. पहिल्या ठेक्यानंतर मी टेप बंद केला होता, आणि पुन्हा बटण दाबण्याआधीही एकदा मागितलं होतं. त्याने तेव्हा मान हलवून नाही म्हटलं होतं. ते टेपवर नाही. म्हणजे मी दोनदा नव्हे, तीनदा मागितलं. हे अजून मी तिला कळवलेलं नाही.