नदी बंद आहे

दुसऱ्यांचे फॉर्म भरणं हे माझं काम. शांती नगरातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा छोटा गाळा आहे. आधार, पॅन, गुमास्ता, पासपोर्ट, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, सगळं तिथे होतं. लोक चपला बाहेर काढून आत येतात आणि मी सांगेन ते मुकाट्याने ऐकतात. "मॅडम बोली नहीं चलेगा, तो नहीं चलेगा," असं आपापसांत म्हणतात आणि जातात. इतक्या वर्षांत माझा शब्द कोणी दुसरीकडे जाऊन तपासून पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे माझा स्वभाव थोडा चढेल झाला आहे, हे मला मान्य आहे.

बाबा ट्रक ड्रायव्हर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, लग्नानंतर नवघरला आले ते इथलेच झाले. काशीमीऱ्याहून माल घेऊन उत्तरेला जायचे आणि सफरचंदांच्या दिवसांत कुल्लूहून पेट्या भरून परत यायचे. तिकडे गाडी भरायला कधी कधी दोन-दोन दिवस लागत. अशाच एका खेपेला ते नदीवर गेले. काठी तोडली, दोरा बांधला, गळाला कणकेची गोळी लावली आणि बसले. कोकणातल्या माणसाला वाहतं पाणी दिसलं की हात शिवशिवतात. थोड्या वेळाने मत्स्य खात्याचा रखवालदार आला आणि त्याने लायसन मागितलं. बाबांनी रुबाबात खिशातून अवजड वाहनाचं लायसन काढून त्याच्या हातात दिलं.

हा किस्सा पुढे काशीमीऱ्याच्या गॅरेजवर सगळे ड्रायव्हर हसून हसून सांगायचे. बाबाही हसायचे, पण आईला ठाऊक होतं की त्यांना ते लागलं होतं. त्या माणसाने त्यांची काठी मोडली आणि संध्याकाळपर्यंत त्यांना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. ही ट्राउट माशाची नदी आहे, इथे परवान्याशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर सुनावलं. आयुष्यभर रस्त्यावर राहून ज्या माणसाने कधी सिग्नल तोडला नाही, त्याला चोरासारखं बसावं लागलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. एकदा रीतसर परवाना काढायचा, त्याच नदीवर जायचं आणि ताठ मानेने बसायचं.

गाडी सुटली, गुडघे गेले, बाबा घरी बसले. एका डिसेंबरात ते माझ्या गाळ्यावर आले आणि रांगेतल्या लोकांमागे उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "बाय, तो ट्राउटचा परवाना काढतेस काय गो?"

मी शोधून बघितलं. थंडीत ट्राउट अंडी घालतो, म्हणून तिकडे चार महिने मासेमारीला बंदी असते. मी सांगितलं, "बाबा, आता नदी बंद आहे. मार्चमध्ये उघडते."

हे खरं होतं. पण मार्चमध्ये त्यांनी विचारलं तेव्हा माझ्यासमोर शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची ही गर्दी होती. मी मान वर न करता म्हटलं, "अजून बंद आहे बाबा." एप्रिलमध्येही तेच म्हटलं. मुद्दाम खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. त्यांना घेऊन जायचं म्हणजे आठ दिवस गाळा बंद ठेवायचा, त्यांचे गुडघे, तो घाट, ती बस, हे सगळं नको वाटायचं. तीन शब्दांत काम भागत होतं. पुढे ते शब्द आपोआप येऊ लागले. बाबा विचारायचे, मी सांगायचे, ते "बरं" म्हणायचे.

ऑक्टोबरात ते गेले. फुफ्फुसात पाणी झालं आणि नऊ दिवसांत सगळं संपलं. नदी तेव्हाही उघडी होती.

मला काही वाटलं नाही. हे मी आज लिहिते आहे, तेव्हाही लोकांना सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही. सगळे म्हणत होते, मुलीने किती धीराने घेतलं बघा. धीर कसला, मी फॉर्म भरत होते. त्यांचा मृत्यूचा दाखला मीच काढला, रेशनकार्डावरचं नाव मीच कमी केलं, बँकेचा अर्ज मीच भरला. एकाही अर्जात चूक झाली नाही. कोणी तरी माझ्यावर जाड गोधडी टाकून वरून बोलत असावं, तसं सगळं लांबून ऐकू यायचं.

दहाव्याला तळ्यावर गेलो. चुलतभावाने पिंड मांडले आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर चार-पाच बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मग आमच्याकडे करतात तसं सगळे एकेक करून पुढे येऊन बाबांना शब्द देऊ लागले, कारण त्यांचं मन कशात तरी अडकलं असणार. भाऊ म्हणाला, काकीला अंतर देणार नाही. आत्या म्हणाली, वहिनीला दर शिमग्याला गावाला नेईन. कावळे ढिम्म. ऊन वर आलं, भटजी घड्याळ बघू लागले. आत्याने मला कोपराने ढोसलं, "तू बोल काय तरी."

मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाबा, परवाना काढून त्या नदीवर जाईन. ट्राउट पकडीन."

कावळा उतरला. तोंडातलं वाक्य संपतं न संपतं तोच उतरला. आत्या हुंदके देऊन रडायला लागली, भावाने डोळे पुसले. उन्हात माझी टाच भाजत होती, तेवढं मला आठवतं. आई रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

चौदाव्या दिवशी आमच्यात तिखटाचं जेवण होतं. सुतकात बंद असलेली मासळी त्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. आत्याने पापलेटचं कालवण केलं होतं. आईने सगळ्यांना वाढलं आणि स्वतः डाळभात घेतला. आत्याने आग्रह केला तेव्हा म्हणाली, "हिने शब्द दिलाय ना. तो पुरा होईस्तोवर मी मासळीला शिवणार नाय."

माझ्या आईला मासळीशिवाय जेवण म्हणजे शिक्षा. संकष्टी मासळीच्या वारी आली तर ती पंचांगाला बोल लावते. नवघरच्या बाजारातल्या कोळणी तिला लांबून हाक मारतात, "ये गो, बोंबील बघ, आताच आलंय." ती आता दुसऱ्या गल्लीतून जाऊ लागली. आणि एवढ्यात नोव्हेंबर लागला. आता नदी खरोखरच बंद झाली. मी आईला तसं सांगितलं. तिने वर बघितलं, "असं?" म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

ते चार महिने लांबले. आई वाळली. डॉक्टर म्हणाले, यांना प्रथिनं कमी पडताहेत, अंडी द्या. ती अंडंही खाईना. पोरीने शब्द दिलाय, एवढंच सगळ्यांना सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात राग नसायचा. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाळ्याला कुलूप लावून मी निघाले. रेल्वेने चंदीगड, पुढे रात्रभर बस. मत्स्य खात्याच्या ऑफिसात एक स्वेटर घातलेला कारकून होता. त्याने फॉर्म पुढे सरकवला. दुसऱ्याने दिलेला फॉर्म स्वतःसाठी भरायची सवय राहिली नव्हती, माझं नाव लिहायला क्षणभर वेळ लागला. खाली वडिलांच्या नावाचा रकाना होता. तो भरला. बाहेर तो बाक होता, लाकडी, हिरव्या रंगाचा. तोच होता की दुसरा, मला काय माहीत. मी त्यावर बसून परवान्यामागचे नियम वाचले. एका परवान्यावर एक माणूस, एक दिवस, एक काठी. जाळं नाही. कणीक नाही, गांडूळ नाही, फक्त बनावट आमिष. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा जिवंत पाण्यात सोडायचा. अंधार पडायच्या आत गळ गुंडाळायचा. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतके समजूतदार नियम वाचलेले नाहीत, आणि वाचताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

जिथे उतरले होते त्या घराच्या मालकाने काठी आणि रीळ भाड्याने दिलं, फेकायचं कसं ते शिकवलं. आमिष म्हणजे पत्र्याचं चमकणारं पान, पाण्यात गरगर फिरणारं. पहिला दिवस ते पान दगडांत अडकवण्यात गेला. दुसऱ्या दिवसाचा परवाना काढला, तोही रिकामा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर दोरी अचानक ताणली गेली आणि हाताला धक्का बसला. मासा वर आला. पाठीवर काळे ठिपके, बाजूला लाल. मी हात ओला करून त्याला धरलं आणि परवान्याबरोबर मिळालेली पट्टी लावली. दोन बोटं कमी भरत होता.

आजूबाजूला कोणी नव्हतं. रखवालदार दुपारीच पुढच्या वळणावर गेला होता. आई घरी पाच महिने डाळभात खात होती, हे मला त्या क्षणी चांगलं आठवत होतं. मासा पिशवीत टाकला असता तर प्रश्न मिटला असता. पण मी नियमाच्या नावाने एका माणसाला फसवलं होतं, आता त्याच माणसासाठी नियम मोडायचा, हे माझ्याच्याने होईना. गळ सोडवला. माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरून ठेवलं. जरा वेळाने तो हातातून निघून गेला.

संध्याकाळी रखवालदार आला. "कितने मिले, मैडम?"

"एक. छोटा था, छोड़ दिया."

"किसी ने देखा?"

"नहीं."

तो हसला आणि गेला. घरमालक म्हणाला, खाली ट्राउटची शेती आहे, तिथून एक मोठा घ्या, बर्फात घालून देतो, तुमच्या घरी कोणाला कळणार? एक खोटं मला पुरेसं झालं होतं. मी रिकामी निघाले.

नवघरला पोचले तेव्हा सकाळ होती. आईने दार उघडलं आणि आधी पिशवीकडे बघितलं. मी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. मासा केवढा होता ते हाताने दाखवलं.

"कोण होतं बघायला?" आईने विचारलं.

"कोणी नव्हतं."

"मग सोडलास कशाला?" तिचा आवाज चढला. "घेऊन यायचा होतास गो, एवढासा तर एवढासा! कोण विचारणार होतं?"

"आई," मी म्हटलं, "मी बाबांना खोटं सांगत होते. नदी बंद नव्हती. मार्चपासून उघडी होती. मी बघितलंसुद्धा नाही. नुसतं बंद आहे, बंद आहे म्हणत राहिले."

आई समोरच्या पाटावर बसली. पदराने तोंड पुसलं.

"ठाऊक होतं त्यांना," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"मे महिन्यात काशीमीऱ्याला गेलेले, जुन्या गॅरेजवर. तिथे कुल्लूच्या लाइनवरचा एक ड्रायव्हर भेटला. तो बोलला, नदी उघडी हाय, माणसं गळ टाकून बसलीत. घरी येऊन मला सांगितलं त्यांनी."

"मग मला का नाही बोलले?"

"मी म्हटलं, बोला तिला. तर म्हणाले, नको, लाजेल ती. विचारत राहतो, कधी तरी बघेल."

मे महिन्यानंतर बाबांनी किती वेळा विचारलं होतं, ते मला एकेक करून आठवू लागलं. जूनमध्ये छत्री मिटत गाळ्यावर. गणपतीत आरतीनंतर. आणि हॉस्पिटलात, शेवटून तिसऱ्या दिवशी, मास्क बाजूला सारून विचारलं होतं, "बाय, उघडली काय गो नदी?" मी मोबाइलवर त्यांच्याच विम्याचा फॉर्म भरत होते. वर न बघता म्हटलं होतं, "नाही बाबा, अजून बंद आहे." "बरं," ते म्हणाले होते, आणि मास्क परत लावून घेतला होता.

"म्हणजे तळ्यावर मी बोलले तेव्हा तुला..."

"सगळं ठाऊक होतं."

"मग मासळी का सोडलीस? माशासाठी नाही?"

"मासा कोणाला पाहिजे होता?" आई म्हणाली. "तू खरं कधी सांगतेस, ते मी बघत होते."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बाजार उठला नसेल अजून. पिशवी दे."

मी पिशवी घ्यायला स्वयंपाकघरात गेले आणि दाराला धरून उभी राहिले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि ते थांबेना. आईने माझ्या बाजूने हात घालून खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि ती एकटीच जिना उतरून गेली.